तिसरी पुकार

नेडुंकडव, रविवार, ३ मे १९८७

राहेल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं दिसतंय, दिसू दे.

आज चर्चमध्ये तुझं नाव ऐकलं. अच्चननी वेदीपाशी उभं राहून वाचलं, त्यांच्या त्या नेहमीच्या नाकातल्या आवाजात. आपल्या मंडळीतील लूका यांची मुलगी राहेल आणि नदीपलीकडच्या मंडळीतील वर्गीस यांचा मुलगा तोम्मी यांचं लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास तिसऱ्या पुकारेपर्यंत कळवावी. आणि लगेच त्याच दमात, गुरुवारी चर्चचे नारळ उतरवणार आहेत, मुलांनी झाडाखाली खेळू नये. तुझं लग्न आणि नारळ, दोन्हीला एकच दम.

पहिली पुकार झाली, दोन उरल्या. माझी हरकत आहे. सतरा तारखेला तिसऱ्या पुकारेच्या वेळी मी पुरुषांच्या बाजूला, माझ्या बापाच्या शेजारी, उभा राहणार आहे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार आहे की ही मुलगी राजीखुशीनं जात नाहीये. तिचा बाप पडला, मंडळीनं तोंड फिरवलं, म्हणून दारात आलेल्या पहिल्या माणसाला ती हो म्हणाली. आणि माणूस तरी कोण? चौतीस वर्षांचा नावाडी. सगळं आयुष्य वाळू इकडून तिकडे नेण्यात गेलं त्याचं. तो हसतो तेव्हा दात त्याच्या आधी येतात.

हे वाचून तू चिडशील. चीड. गेल्या तीन महिन्यांत तू माझ्यावर चिडलीसुद्धा नाहीस, नुसती रस्ता बदलून जातेस.

पुकारेनंतर प्रार्थना झाली. 'अंथरुणाला खिळलेला आमचा बंधू लूका.' सगळे म्हणाले आमेन. माझा बाप सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, विश्वस्त आहे ना तो. पंधरा रविवार चाललंय हे. आमेन म्हणायला पाय लागत नाहीत, राहेल, म्हणून माणसं इतक्या वेळा म्हणतात.

मग वेदीवरून शांतीचा हात उतरला. अच्चननी तुझ्या बापाच्या जागी घंटा वाजवणाऱ्या नव्या कप्याराला दिला, त्यानं पहिल्या रांगेला, आणि तिथून तळव्यांतून तळव्यांत, माझ्या बापाकडून माझ्याकडे, माझ्याकडून शेजारच्या कुंजुमोनकडे, असा पार मागच्या भिंतीपर्यंत. आणि भिंतीपाशी येऊन थांबला. पूर्वी तो थांबत नसे. तुझा बाप तो शेवटच्या माणसाकडून घ्यायचा आणि दोन्ही तळवे मिटून चालू पडायचा, जो कोणी आजारी असेल त्याच्या घरी. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, कशाला शिवायचं नाही, ऊन असो की पाऊस, छत्रीसुद्धा धरायची नाही. एकतीस वर्षं. माझी आजी मरायला टेकली होती तेव्हा तो बांधावरून येताना दिसला की ती म्हणायची, 'लूका आला, आता मला चर्च चुकलं नाही.' होडीत चढताना नावाडी त्याला काखेत धरून चढवायचे, कारण त्याचे हात मोकळे नसत.

तो स्वतः पंधरा रविवार पडून आहे आणि एकानंही त्याला हात नेऊन दिलेला नाही. का, ते तुलाही माहीत आहे, मलाही. चर्चच्या सणाच्या आदल्या दिवशी तोरण बांधताना तो शिडीवरून पडला. तो प्यायलेला होता असं ठरवलं की शिडीचं कुणी विचारत नाही. शिडीची पायरी कुजलीय, असं तो तीनदा सांगून गेला होता. आता त्याच्या अंथरुणापाशी बसायचं म्हणजे त्या पायरीबद्दल बोलावं लागणार. त्यापेक्षा आमेन बरं.

हे पत्र कार्त्यायनी चेच्चीच्या मासळीच्या टोपलीतून येईल. तिनं मला सुनावलंय, 'माझ्या तारल्या दोन दिवसांत नासतात, तुझी पत्रं नासूनच येतात.' वास आला तर तो तारल्यांचा समज.

कोशी


नेडुंकडव, रविवार, १० मे

राहेल,

आज हात पोचला. मी पोचवला. सोळाव्या रविवारी.

दुसरी पुकार झाली तेव्हा मी गप्प राहिलो, कारण मी तिसरी म्हटलंय म्हणजे तिसरीच. पण बापानं माझ्या तळव्यांवर तळवे ठेवले आणि माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. कुंजुमोन हात पुढे करून बसला होता. मी त्याला दिलाच नाही. उठलो, तळवे मिटले आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर चालू लागलो. बाप दातांतून म्हणाला, 'बस खाली, गाढवा.' बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. अच्चन प्रार्थना पुढे म्हणत राहिले. त्यांना पुढे म्हणायची सवय आहे.

मुद्दाम भर रस्त्यानं गेलो, चहाच्या टपरीवरून. बघू देत सगळ्यांना, लूकाच्या घरी हात चाललाय. वाटेत काही विशेष घडलं नाही.

तुझ्या घराचं दार लोटलेलं होतं. तू नदीवर चादरी धूत होतीस, माडांमधून तुझी पाठ दिसत होती. हिरवा ब्लाऊज, खांद्यापाशी रफू केलेला. मी हाक मारली नाही. किती वेळ उभा राहिलो ते सांगत नाही.

लूकाचेट्टन जागे होते. माणूस एवढा बारीक होतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या मिटलेल्या तळव्यांकडे पाहिलं आणि विचारलं, 'आणलास?' मी म्हटलं, 'आणला.' त्यांनी दोन्ही हात वर केले. मी दिला. त्यांनी तो तोंडावरून फिरवला आणि रडले, राहेल. आवाज न करता, नुसतं कानशिलावरून पाणी उशीत गेलं. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एकेकाचं डोकं.

आता तरी कळलं ना तुला, या गावात तुमचा कोण आहे ते? तो वाळूवाला कधी हात घेऊन आलाय का? त्याची मंडळीसुद्धा वेगळी. त्याला काय ठाऊक तुझ्या बापानं आमच्यासाठी काय केलंय.

एक रविवार उरलाय. तू नुसती मान हलव, पुढचं मी बघतो.

कोशी


नेडुंकडव, बुधवार, १३ मे

राहेल,

कार्त्यायनी चेच्ची सकाळी आमच्या दारात आली, टोपली उतरवली आणि आईसमोर म्हणाली, 'राहेल विचारतेय, कुंजुमोनचा ओठ कसा फुटला?' आई माझ्याकडे बघायला लागली. चेच्ची म्हणाली, 'पेडवे घेणार का?' आणि बसून राहिली, उत्तर घेऊन जायला.

तर ऐक.

कुंजुमोन माझ्यामागून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आला. म्हणाला, 'कप्याराचा जावई निघाला. जावईपण हुकलं, आता कप्यारपण तरी मिळतंय का बघ.' मी त्याला मारलं. उजव्या हातानं, तोंडावर. तो दगडी दिव्याच्या खांबावर जाऊन पडला. मग कॉलर धरून उठवला आणि आणखी एक देणार होतो, तेवढ्यात माझं माझ्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही उघडे. एकावर त्याच्या तोंडाचं रक्त, दुसऱ्यात त्याची कॉलर.

आत परत जाता आलं असतं. उपासना चालूच होती. मागच्या रांगेत जाऊन कुणापुढेही तळवे केले असते तर पुन्हा मिळाला असता, एवढी सोपी गोष्ट आहे ती. पण सगळ्यांसमोरून ताठ मानेनं बाहेर पडलेला मी, परत आत कसा जाणार? रक्त नेसलेल्या मुंडूला पुसलं, तळवे पुन्हा मिटले आणि चालू लागलो. टपरीवरून गेलो तेव्हा त्यांत काहीही नव्हतं. तुझ्या बापानं 'आणलास?' विचारलं तेव्हाही नव्हतं. मी आणला म्हणालो. तो रिकाम्या हातावर रडला.

एकदा सांगायला बसलोच आहे तर दुसरंही सांगतो. मी कॉलेज संपामुळे सोडलं असं तुला सांगितलं होतं. संप चार दिवसांत मिटला. अप्पच्चन शिडीवरून पडले, असं तुझं दोन ओळींचं कार्ड आलं, म्हणून मी वसतिगृहातून पेटी उचलून निघालो. पदवी घे, मग विचार, असं तू म्हणाली होतीस हे आठवत होतं, तरी निघालो. वाटलं, तुझ्या दारात जाऊन उभा राहीन. आलो तो दिवस मंडळीच्या सभेचा होता. तुला वाटतं मी त्यानंतर आलो. नाही. सभेत मी होतो. शेवटच्या बाकावर, पेटी पायाशी.

माझा बाप उभा राहिला आणि म्हणाला, 'लूका आपलाच आहे, आपलं त्याच्यावर प्रेम आहे, पण त्या दिवशी तो शुद्धीत नव्हता.' माणसांनी माना हलवल्या. नाताळच्या सुट्टीत कागदी तारा टांगायला मीच चढलो होतो त्या शिडीवर. तिसरी पायरी पायाखाली कुरकुरली होती आणि तुझा बाप खालून ओरडला होता, 'कोशीमोने, कडेला पाय ठेव, मधे कुजलंय.' मला माहीत होतं. बाप बोलत असताना मला माहीत होतं. आणि मी, प्राध्यापकाच्या अंगावर धावून जाणारा मी, बसच्या कंडक्टरशी भांडणारा मी, त्या बाकावर पेटीचं कडं हातात धरून गप्प बसलो. सभा संपली, सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केले, चहा झाला. मी चहा घेतला.

म्हणून मी तुझ्या दारात आलो नाही. म्हणून चिडतो. आता तूही चीड, तुला हक्क आहे. पण लग्नाला माझी हरकत आहे ती आहेच. ती या सगळ्यापेक्षा वेगळी आहे.

कोशी


शुक्रवार, १५ मे

कोशी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर देणार नव्हते, पण रविवारचं एक काम आहे, म्हणून लिहिते.

अप्पच्चनना त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या बोटांच्या पेरांवर रक्त होतं. एकतीस वर्षं ज्यानं हात नेला त्याला भरलेला आणि रिकामा कळणार नाही असं तुला वाटलं? मी विचारलं, मग रडलात कशाला? म्हणाले, 'किती दिवसांनी आपल्या चर्चच्या माणसाच्या चपला दारात वाजल्या गं.'

सभेचंही मला माहीत होतं. चहा वाटत कोण होतं? खिडकीतून कप आत देणारा हात माझा होता. तू माझ्याकडून कप घेतलास आणि वर बघितलं नाहीस. मी त्या दिवसापासून रस्ता बदलते.

आमेन म्हणायला पाय लागत नाहीत, हे तू छान लिहिलंस. पत्र लिहायलाही लागत नाहीत.

तोम्मीबद्दल. फेब्रुवारीपासून तो रोज पहाटे होडी घेऊन येतो. अप्पच्चनना कुशीवर वळवतो, पाठ धुतो, जखमा कोरड्या करतो, खालचं सगळं काढतो आणि वाळू भरायला जातो. त्याच्या आईच्या आजारपणात अप्पच्चन नदी ओलांडून तिच्याकडे हात घेऊन जायचे. ती आपल्या मंडळीची नव्हती, तरी जायचे. एवढंच त्यानं सांगितलं, तेही मी दहादा विचारल्यावर. लग्नाचं त्यानं विचारलेलं नाही, मी विचारलं. तो इतका घाबरला की वल्हं नदीत पडलं त्याच्या हातातून. मला कुणी ढकललेलं नाही, कोशी. हे तू चर्चमध्ये सांगायला उठणार असशील तर खोटं सांगशील.

दातांचं तू लिहिलंस ते खरं आहे. मीही हसते त्याला.

आता काम. रविवारी तिसरी पुकार आहे आणि लग्नाआधीची पापकबुली, मला चर्चमध्ये असायलाच हवं. तोम्मीला त्याच्या चर्चमध्ये. कार्त्यायनी चेच्चीचा रविवारी बाजार असतो. साडेसात ते दहा अप्पच्चन एकटे असतील. दर तासाला कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीचं कातडं चादरीला चिकटून येतं. पेज चुलीवर ठेवून जाईन, भरवावी लागेल.

तुला हरकत घ्यायची असेल तर चर्चमध्ये ये. मी समोर असेन, माझ्यादेखत घे. नाहीतर इकडे ये. दोन्हीकडे एकाच वेळी येता येणार नाही.

राहेल


नेडुंकडव, रविवार, १७ मे

राहेल,

तू फार हुशार आहेस असं तुला वाटतं. मी पत्र वाचलं आणि फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

सकाळी चर्चचेच कपडे घातले. हरकतीचा कागद खिशात होता. तो नव्यानं लिहिला होता, 'ढकललं' हा शब्द काढून. तो काढल्यावर कागदात फारसं उरत नाही, पण आवाज चढवला असता तर चाललं असतं. बापाबरोबर निघालो. तुमच्या बांधाकडे वाट फुटते तिथे मी थांबलो. बाप म्हणाला, 'चपलेत खडा गेलाय का?' मी म्हटलं, 'हो.' तो पुढे गेला.

मी तुझ्यासाठी आलो नाही. हे लिहून ठेव. तू सांगितलंस म्हणूनही नाही. कातडं चादरीला चिकटतं ते तू लिहिलंस, ते मला रात्रभर दिसत होतं, म्हणून.

तुझा बाप मला बघून म्हणाला, 'आज हातात काय आणलंस?' मी म्हटलं, 'काही नाही.' म्हणाला, 'बरं झालं. मोकळे हात हवेत. पेज आधी.'

पेज अर्धी पोटात गेली, अर्धी माझ्या शर्टावर. मग कूस. मला येत नव्हतं. मी कमरेला धरून ओढलं आणि ते कळवळले. म्हणाले, 'मी सिमेंटचं पोतं आहे का? कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं.' मी म्हटलं, 'शिकवलं असतं तरी मी मधेच सोडून आलो असतो.' ते हसले. हसल्यानं दुखलं, मग मलाच शिव्या दिल्या. असल्या शिव्या कप्याराला येतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांची पाठ पाहिली, राहेल. तीन महिने मी या गावात प्रेमाबद्दल भांडत होतो आणि ही पाठ इथे होती.

मी पुसत होतो तेव्हा घंटा झाली. ते भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते. म्हणाले, 'नवीन पोरगा दोरी फार जोरात ओढतो.' मग थोडं ऐकून म्हणाले, 'वाचन संपलं. आता अच्चन चष्मा पुसतील, मग पुकार. बांधावरून धावलास तर पोचशील अजून. जा, हरकत घ्यायची ना तुला? मला राहेल बोलली आहे.'

मी त्यांच्या पाठीला डाव्या हाताचा टेकू दिला होता, उजव्या हातात फडकं. टेकू काढला असता तर ते उताणे पडले असते, थेट त्या जखमेवर. हळूहळू खाली ठेवता आलं असतं का? आलं असतं बहुतेक, मिनिटभरात. मला येत नव्हतं एवढं खरं, आणि मी ते करून बघितलं नाही हेही खरं. मी म्हटलं, 'चेट्टा, हलू नका.' ते म्हणाले, 'मी कुठे हलतोय?'

आम्ही दोघं तसेच राहिलो. माझा हात बधिर झाला. बाहेर तुमची कोंबडी ओट्यावर चढून चोच मारत होती. मग दुसरी घंटा झाली आणि तुझा बाप म्हणाला, 'झालं.'

चर्चमध्ये कुणी उठलं नाही ना? उठणारा इथे होता.

तू बांधावरून येताना दिसलीस, पांढऱ्या साडीत. मी मागच्या दारानं गेलो. दहाला पाच मिनिटं होती, आणि शेवटची कूस मी पावणेदहाला बदलली होती, तुझा हिशेब चुकायला नको म्हणून सांगतो.

घरी बाप जेवायला बसला होता. 'कुठे होतास?' मी म्हटलं, 'लूकाचेट्टनकडे, त्यांचं खालचं काढत होतो.' आईनं वाढायचं थांबवलं. मी म्हटलं, 'शिडीची तिसरी पायरी कुजलेली होती. नाताळात मी चढलो होतो. ते प्यायलेले नव्हते. पुढच्या सभेत मी हे सांगणार आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं दिसेल.' बापानं भात कालवला. मग म्हणाला, 'हात धुतलेस का?' मी म्हटलं, 'धुतले. तुम्ही?'

तो ताटावरून उठून गेला. उद्या मला घराबाहेर काढेल किंवा काढणार नाही. तू त्यात पडू नकोस.

माझा राग गेला असं समजू नकोस. तुझ्यावर आहे, कप खिडकीतून दिलास आणि तोंडावर फेकला नाहीस म्हणून. मंडळीवर आहे. त्या नावाड्यावर तर आहेच, तो भला निघाला याचा जास्तच. तुझं लग्न मला मान्य नाही. मुहूर्ताला मी येणार नाही आणि जेवायलाही नाही.

पण लग्न पंचवीस तारखेला, म्हणजे मधे अजून एक रविवार आहे. तू चर्चला जा. मी साडेसातला येईन. तोम्मी आधी काय वळवतो, खांदा की कंबर, तेवढं विचारून कार्त्यायनी चेच्चीकडे निरोप ठेव. आज मी आधी कंबर ओढली आणि म्हाताऱ्याला लागलं.

कोशी